भिकुबाईचं माप

मित्रांनो, या पृथ्वीतलावर निर्दोष म्हणावं असं स्त्रीचं शरीर एकच आहे, आणि ते माझं आहे. छाती, कंबर, खांद्यांचा उतार, सगळं पुस्तकात छापलंय तसं. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. फक्त मला डोकं नाही. हात नाहीत. कमरेखाली एक लोखंडी दांडा आहे आणि दांड्याखाली चाकं आहेत, त्यातलं एक फिरत नाही. मी शिवणाच्या वर्गातली एक जुनी डमी आहे.

डोकं नसताना ही बोलते कशी, असा प्रश्न हुशार मुलांना पडेल. हुशार मुलांनी आजूबाजूला नीट पाहावं. डोक्यावाचून बोलणारे पुष्कळ सापडतील.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. कागदाचा लगदा, सरस आणि वरून मांजरपाटाचं कातडं, एवढ्यात माझं काम झालं. मग मला गोणपाटात शिवून रेल्वेनं जळगावला पाठवलं. स्टेशनवर हमालानं मला खांद्यावर घेतलं, वाटेत चाचपून पाहिलं आणि तिथेच खाली ठेवून तो दूर जाऊन उभा राहिला. खांदे लागले, कंबर लागली, पुढे काही लागलं नाही म्हणाला. गर्दी जमली. हवालदार आला. त्यानं गोणपाट उसवलं, मला पाहिलं, आणि बराच वेळ गोणपाटात बाकीचं शोधत राहिला. जळगावात माझं स्वागत असं झालं.

तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशीच्या सुमाराला, इथल्या एका कॉलेजात कपड्यांची पदवी नुकतीच निघाली होती. शिवणकामाला पदवी कशाला, असं गावातल्या लोकांचं मत होतं. तरी बोदवड, वरणगाव, एरंडोलकडच्या मुली यायच्या. त्या कापडाचे धागे मोजायच्या, रंग पक्का की कच्चा ते पाहायच्या, कागदावर पॅटर्न आखायच्या. फॅशनच्या चित्रात बाईची उंची नऊ डोक्यांची काढायची असते. अशी बाई जळगावात कोणी पाहिली नव्हती. मला तर मोजायला एकही डोकं नव्हतं. पण मॅडम सगळ्यांना सांगायच्या, “हिच्याकडे बघा. हे खरं माप.” गॅदरिंगला मला भारी साडी नेसवली होती. प्रमुख पाहुण्यांनी घाईत मला नमस्कार केला. ते माझे चांगले दिवस.

मग एक्क्याण्णव साली शेवटच्या वर्षाला कोकिळा आली.

कोकिळा एरंडोलजवळच्या एका खेड्यातली. तिला जन्म देऊन तिची आई भिकुबाई त्याच आठवड्यात गेली. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. कोकिळाचे वडील जीवराम यांनी वर्षभरात मंजुळाबाईशी लग्न केलं आणि कोकिळाला तिनंच वाढवलं. रिवाजाप्रमाणे मंजुळाबाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिच्या नावाचा चांदीचा छोटा पत्रा, होता. नवं कापड आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. मंजुळाबाईनं हे कधी चुकवलं नाही.

तरी भिकुबाईचं समाधान नव्हतं, असं गाव म्हणायचं. कारण लग्न होऊन आल्यावर काही दिवसांतच मंजुळाबाईचा उजवा हात वर जाईनासा झाला. खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि थांबायचा. वरच्या फळीवरचा डबा तिला काढता येत नसे. तिची चालसुद्धा बदलली, डावा खांदा उतरला. म्हाताऱ्या बाया पाठीमागून बघून म्हणायच्या, हुबेहूब भिकुबाई चालली. सवतीनं हात धरलाय, असा निकाल लागला. दर अमावास्येला लिंबू उतरून टाकत. भिकुबाई हात सोडेना.

कोकिळाला शेवटच्या परीक्षेसाठी एका जिवंत व्यक्तीच्या मापाचा कपडा शिवायचा होता. तिनं मंजुळाबाईचा ब्लाउज शिवायचं ठरवलं.

“माझ्या मायचा हात वर जाईल असा ब्लाउज शिवणार आहे मी,” ती मॅडमना म्हणाली.

“ब्लाउज शिव, कोकिळा. इलाज करू नकोस.”

पण तिनं शिकायला येण्याचं कारणच ते होतं, हे मला ठाऊक होतं. लोक डमीसमोर मोकळेपणानं बोलतात.

आता टेप लावायला मंजुळाबाई जळगावला कशी येणार? लग्नसराई, घरी पाहुणे. मग सगळ्या मुली करत तेच कोकिळानं केलं. घरून मापाचा ब्लाउज मागवला. गावातली बाई शिंप्याला अंगाचं माप देत नाही, जुना ब्लाउज देते, आणि तो शिंप्याकडे खिळ्याला कायमचा टांगलेला असतो. जीवरामनं तो कय्युम टेलरकडून आणला आणि एस.टी.तून पाठवून दिला. विटलेला हिरवा, काखेत रफू केलेला.

कोकिळानं तो माझ्या अंगावर ठेवून पाहिला. माझं निर्दोष शरीर त्यात मावेना. मग तिनं मला नवं अंग द्यायला घेतलं. आधी माझ्या कुशीचे जोड उसवून मला आत दाबून बारीक केलं. मग वरून जुन्या पातळाच्या पट्ट्या, कापूस, टाचण्या. ब्लाउज सांगेल तसं भरत जायचं. डावा खांदा उतरता निघाला. पाठ किंचित वाकली. उजवा मुंढा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर, इतका आखूड होता की कोकिळा स्वतःशीच म्हणाली, “एवढ्याशा जागेत हात राहतो कसा?”

मित्रांनो, इथून पुढे मला जे झालं ते मी सांगते, पण कारण विचारू नका. कोकिळा माझ्या कमरेशी पट्ट्या बांधत असली की मला गाणी आठवायची. पाळण्याची, जात्यावरची, अहिराणी. मी मुंबईत बनले. कारखान्याशेजारी लाँड्री होती. ती गाणी मला येण्याचं काही कारण नव्हतं.

वर्गाच्या लक्षात आलं ते हळूहळू. मुलींनी आपापली मशिनं माझ्यापासून लांब ओढून घेतली. उन्हाळ्यात पंख्याखालची जागा माझ्याशेजारी होती, तरी तिथे कोणी बसेना. शिपाई अभिमन आधी मला पायानं बाजूला सारून झाडायचा. एके दिवशी सकाळी तो झाडू बगलेत धरून म्हणाला, “राम राम, अक्का,” आणि स्वतःच दचकला. तेव्हापासून माझ्याभोवती केराचं एक गोल वर्तुळ राहू लागलं.

रईसा ही कोकिळाची मैत्रीण, जिभेला धार असलेली. ती एकदा काजं करता करता थांबली.

“कोकिळा, तेरी डमी मुझे देख रही है.”

“डोकं नाही तिला. बघेल कशानं?”

“वही तो,” रईसा म्हणाली आणि तिनं खुर्ची फिरवून घेतली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मंजुळाबाई ट्रायलसाठी येणार होती. दुपारची वेळ, वीज गेलेली, पंखे थांबलेले. एप्रिलातल्या जळगावच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. वर्गात फक्त कोकिळा, रईसा आणि मी. कोकिळानं मला मापाचा ब्लाउज घालून, पाठीवरून पातळाचा पदर सोडून ठेवला होता. माझी पाठ दाराकडे होती.

दारात जीवराम आला. हातात पिशवी, मागे मंजुळाबाई. तो उंबऱ्यावर थांबला. मग उशीर झालेल्या माणसाला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाला, “भिकू, चाल घर. भलता येळ व्हयना.”

कोणी हललं नाही. मी हलले असं रईसा नंतर म्हणाली. मी तिच्याशी वाद घालत नाही.

“कोनले हाक मारी तुम्हीन?” मंजुळाबाईनं विचारलं.

जीवराम उंबऱ्यातच खाली बसला. “हाई तिनी पाठ शे,” तो म्हणाला. “भिकूनी.”

“आबा, हाई मायनं माप शे,” कोकिळा म्हणाली. “हाऊ ब्लाउज तुम्हीनच तं धाडा.”

मग जीवरामनं थांबत थांबत सांगितलं. दुसरं लग्न झालं, नवरीला ब्लाउज शिवायचे होते. शिंप्यानं माप मागितलं. घरात भिकुबाईचा एक ब्लाउज उरला होता, तो त्यानं दिला. तोच खिळ्याला राहिला. पुढचे सगळे ब्लाउज त्यावरूनच निघाले.

“मंग मी इतला वरीस तिनंच माप घाली राहिनू?”

“माले वाटनं,” जीवराम म्हणाला, “बठ्ठ्या बायास्नं माप एकच ऱ्हास.”

“क्यों चाचा,” रईसा म्हणाली, “तुम्हारा कुर्ता किसके माप का है?”

थोडक्यात, आखूड मुंढ्याची तक्रार शिंप्याकडे जायची ती इतकी वर्षं भिकुबाईकडे जात होती, आणि तिच्याकडून दुरुस्ती होत नव्हती.

“माय, ब्लाउज काढा की हात वर जास का?” कोकिळानं विचारलं.

“कधी देखंच नही,” मंजुळाबाई हळूच म्हणाली. “भ्याव लागे.”

बोलताना कोकिळाचे दोन्ही हात माझ्या कमरेला होते, टेप गुंडाळताना असतात तसे. ती कोणाची कंबर धरून उभी आहे हे तिला आत्ता कळत होतं. तिनं हात काढले नाहीत. आईला तिनं धरलेलं असं ते एवढंच. मला ते गाणं पुन्हा आठवलं. पण म्हणायला तोंड नव्हतं.

मग तिनं टेप गळ्यात घातली आणि मंजुळाबाईचं माप घेतलं. जन्मात पहिल्यांदा कोणी आपलं माप घेतंय म्हणून मंजुळाबाई श्वास रोखून उभी राहिली. दोनदा घ्यावं लागलं. दोघींच्या मापात एकही गोष्ट सारखी नव्हती. पण नव्या ब्लाउजचं कापड तर भिकुबाईच्या मापानं कापून झालं होतं, आणि तुकड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. कोकिळानं बाजूच्या शिवणी उसवल्या, दाबलेलं कापड सोडलं आणि दोन्ही काखांत एकेक चौकोनी तुकडा बसवला.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या. मंजुळाबाईनं नवा ब्लाउज हातात घेतला. टाकाला लावायचा म्हणून हात गळ्याकडे गेला आणि थांबला. ती माझ्याजवळ आली. नवा ब्लाउज तिनं माझ्या छातीला लावला.

“देख अक्का, हाई मनं माप शे,” ती म्हणाली. “तुनं तुले ऱ्हाऊ दे.”

आणि माझ्या अंगावरच्या जुन्या हिरव्या ब्लाउजचं वरचं हूक सुटलं होतं, ते तिनं लावून दिलं.

ती पडद्यामागून नवा ब्लाउज घालून आली तेव्हा परीक्षक बाईंनी काखेत बोट घातलं. “हा तुकडा कशाला?”

“हात वर जायला,” कोकिळा म्हणाली.

“बघू. हात वर करा बाई.”

मंजुळाबाईचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला. तिथे थांबला. कोकिळाच्या तोंडात टाचण्या होत्या, तिनं त्या दातांनी आवळल्या. दारात जीवराम होता, तो मंजुळाबाईकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता. मग तो हात सावकाश वर गेला. कानाच्या वर, डोक्याच्या वर, उत्तर येणाऱ्या पोरासारखा सरळ.

“छान. घ्या खाली.”

“ऱ्हाऊ द्या वं माय थोडसं,” मंजुळाबाई म्हणाली.

परीक्षक बाईंनी राहू दिला. ठिगळाचे गुण तेवढे कापले. कोकिळा पास झाली. पुढे तिनं धुळ्याला शिवणाचा वर्ग काढला, आणि तिथे मापाचा ब्लाउज घेऊन येणाऱ्या बाईला ती आधी टेप लावते, मग बोलते.

माझ्या अंगावरचं भरण काढून मला पुन्हा निर्दोष करायचं होतं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी काढू. पुढच्या वर्षी फायबरची नवी डमी आली आणि मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. जीवराम जळगावला आला की खिडकीशी उभा राहतो. अभिमन म्हणतो, आबा, आत या. तो म्हणतो, नको, मागून बरी दिसते.

तर मित्रांनो, बोध असा की माप माणसाचं घ्यावं, कपड्याचं घेऊ नये. आणि गेलेल्या माणसाचा कपडा जिवंत माणसावर चढवू नये, दोघांनाही तो काचतो. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना फेकूनही देऊ नये. आत कोण आहे हे आधी बघावं.

मंजुळाबाईचा हात वर गेला त्या क्षणापासून मात्र माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मला हातच नाहीत, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. तरी तो जात नाही, हे मला स्पष्ट कळतं.

तेव्हा कधी त्या खोलीत आलात, तर एवढं करा. त्या काखेत, रफूच्या जरा खाली, फार खाजतं. कोणीतरी खाजवून द्या.