नांगराखालचा ठोकळा

मी बाभळीचा ठोकळा. आयुष्य ओझ्याखाली गेलं, त्यामुळे बोलायची सवय नाही. पण एक गोष्ट फार दिवस पोटात आहे, ती सांगतो. सावकाश सांगतो, माझ्याच्याने घाई होत नाही.

शेताच्या बांधावर एक बाभूळ होती. वाऱ्याने ती आडवी झाली, तेव्हा या घरातल्या म्हाताऱ्याने तिच्या बुंध्याचा गाठीचा भाग कापून घेतला. बाकीची बाभूळ चुलीत गेली. मला त्याने दोन्ही अंगांनी रंधा मारून सपाट केलं, जळकं तेल पाजलं आणि शेडमध्ये ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी नेऊन ठेवलं. म्हणाला, "तू आता इथला."

ट्रॅक्टर माझ्याहून कितीतरी जुना. त्याचा मूळ रंग कोणता, यावर घरात अजून वाद होतो. त्याच्या पाठीमागे नांगर, आणि नांगर उचलायला तेलावर चालणारी लिफ्ट. दांडा ओढला की पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं आणि एवढा जड नांगर अलगद वर जातो. बघणाऱ्याला वाटतं, लोखंडाने धरलाय. खरं म्हणजे त्याला थोडंसं तेल आणि एक रबरी रिंग एवढ्यांनीच धरलेलं असतं.

म्हाताऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने एक रीत घातली. नांगराखाली शिरणारा माणूस पाठीवर सरपटत जातो, त्याला पलीकडचं दिसत नाही. तेव्हा आधी मला पलीकडून नांगराखाली उभं करायचं. शिरणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "ठोकळा?" दुसऱ्याने वाकायचं, माझ्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं, "आहे." मगच आत जायचं.

त्याची दोन्ही पोरं हे शब्द बोलतच मोठी झाली. लपाछपी खेळताना खाटेखालून सुद्धा ओरडायची, "ठोकळा?" आणि त्यांची आई चुलीपाशी बसून म्हणायची, "आहे, आहे! बाहेर या आता जेवायला."

म्हातारा गेला. मग आधी हात ठेवणं सुटलं. मग वाकणं सुटलं. शब्द तेवढे राहिले. मी मात्र प्रत्येक वेळी जागेवर असायचो, म्हणून कधी काही झालं नाही.

थोरल्याने लग्न केलं नाही. आई म्हणायची, "त्याचं लग्न त्या डबड्याशी लागलंय, मी कुठे मुलगी बघू?" धाकट्याचं झालं होतं. त्याची बायको हसरी, तोंडाने फटकळ. त्या वर्षी लिफ्ट फार बिघडली. नांगर वर घ्यावा, तर चहा पिऊन होईपर्यंत तो जमिनीला टेकलेला असायचा. ती म्हणाली, "या लिफ्टला आमच्या ह्यांच्याहून लवकर झोप लागते." धाकटा लाजून कान खाजवत राहिला.

दोघा भावांनी लिफ्ट उघडली. तेल काढलं, ते दुधासारखं पांढरं निघालं. आत पाणी शिरलं होतं. आढ्याला दोर बांधून वरचं झाकण उचललं, दट्ट्या बाहेर काढला. रिंग पार चपटी झाली होती. दोघांनी एकेक भाग डिझेलने धुऊन फडक्यावर मांडला. धाकटा गुणगुणत होता. भाऊ असे शेजारी बसून काम करतात, तेव्हा शेडमध्ये फार बरं वाटतं.

इतक्या जुन्या ट्रॅक्टरची रिंग कुठे मिळणार? दुकानदाराने जवळपासच्या मापाची दिली, थोडी जाड.

"कोमट तेलात भिजत ठेवूया ना दादा," धाकटा म्हणाला. "बाबा ठेवायचे तशी. नरम पडेल."

"बाबांच्या वेळी चामडं होतं. हे रबर आहे. आण इकडे, नांगरणी काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

दट्ट्या हाताने आत जाईना. थोरल्याने मला त्याच्यावर धरलं आणि माझ्या डोक्यावर हातोडा मारला. दट्ट्या सरकला. सरकताना आत कुठेतरी काहीतरी सोललं गेलं. मला ते जाणवलं. माणसांना जाणवलं नाही.

आणि लिफ्ट चालली! संध्याकाळी नांगर वर घेतला, तो सकाळी होता तिथेच. आई बघायला आली, सून आली. थोरल्याने नांगरावर थाप मारली. "हलतोय का बघा!" असं त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच आनंदात त्याने मला उचललं आणि अंगणात नळापाशी नेलं. आईचे गुडघे दुखायचे, भांडी घासताना तिला उकिडवं बसवत नसे.

"आई, हे घे तुला बसायला."

"अरे, त्याला राहू दे शेडमध्ये."

"त्याचं काम संपलं आता. लिफ्ट कशी उभी आहे, बघितलीस ना?"

ती बसली. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. ऊन, साबणाचं पाणी, म्हातारीचं हलकं ओझं. ती घासताना स्वतःशीच काहीबाही बोलायची, ते ऐकायचो.

थोडे दिवस गेले. एका सकाळी शेतातून परत येताना नांगराच्या फाळाचा बोल्ट सैल झाला होता. त्यांनी ट्रॅक्टर अंगणापलीकडे शेडच्या दाराशी उभा केला. नांगर वरच ठेवला, इंजिन बंद केलं. थोरला पुढे जाऊन इंजिनाच्या जाळीतली धूळ झटकू लागला. धाकटा पाना आणि हातोडा घेऊन नांगराखाली आडवा झाला.

"ठोकळा?"

"आहे," थोरला म्हणाला. मान वर न करता.

म्हातारीच्या हातातलं पातेलं थांबलं. तिने एकदा शेडकडे पाहिलं. मग खाली, माझ्याकडे.

"अरे, इथे आहे! ठोकळा माझ्याखाली आहे रे! बाहेर ये!"

पण धाकट्याने बोल्टवर हातोडा घालायला सुरुवात केली होती. घाव कानाशी बसत होते, त्याला काही ऐकू गेलं नाही. म्हातारी उठली. जिला उठताना नेहमी दुसऱ्याचा हात लागायचा, ती एकटी उठली, मला छातीशी उचललं आणि पळाली. मी ओला होतो, साबणाने निसटत होतो. तिने नखं रोवून मला धरलं. ती नखं अजून माझ्या अंगावर उमटलेली आहेत. थोरल्याने हाक ऐकली, तोही धावला.

दर घावाला आतल्या तेलाला हिसका बसत होता. सोललेली रिंग तेवढं सोसू शकली नाही.

आम्ही पोचलो नाही.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. हातोड्याचा आवाज थांबला, एवढंच.

पुढे थोरल्याने कुऱ्हाड आणली आणि मला शेडच्या मधोमध ठेवलं. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्याला कशाला तोडतोस? तो जिथे ठेवला होता तिथेच होता." थोरल्याने कुऱ्हाड खाली ठेवली. तिने त्याला दुसरा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तो "आहे" म्हणत नाही. आई विचारते, "पीठ आहे का रे डब्यात?" तो उठतो, झाकण काढतो, पिठात हात घालतो, आणि मग नुसती मान हलवतो.

जमीन पडीक राहिली. घराला खायला तर लागतंच. परवा त्याने एकट्याने लिफ्ट पुन्हा उघडली. दुकानं पालथी घालून नेमक्या मापाची रिंग आणली, कोमट तेलात भिजत ठेवली. तिच्याकडे बघत तो कितीतरी वेळ बसून होता. मग सगळं जोडलं, नांगर वर घेतला आणि मला खाली उभं केलं. तोच बोल्ट आवळायचा राहिला होता.

जमिनीवर पाठ टेकून त्याने विचारलं, "ठोकळा?"

मला त्यानेच उभं केलं होतं. तरी त्याने विचारलं आणि वाट बघत राहिला.

बऱ्याच वेळाने धाकट्याची बायको घरातून आली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती. ती वाकली. माझ्यावर तळवा ठेवला, दाबून पाहिलं, हलवून पाहिलं.

"आहे," ती म्हणाली.

थोरला आत गेला नाही. तोंडावर आडवा हात घेऊन तसाच पडून राहिला. तिनेही हात काढला नाही.

माणसांनो, मी साधं लाकूड आहे. माझं मागणं मोठं नाही. कोणी माझी चौकशी केली, तर उत्तर द्यायच्या आधी माझ्यापर्यंत या आणि हात लावून बघा. मी आता जागेवर आहे. नांगर वर आहे, बोल्ट अजून सैल आहे, आणि तिचा तळवा माझ्यावर आहे. तो कधी आत जाईल, ते मला सांगता येत नाही.