पोरीच्या हातचं

"कूलर बंद करा! आधी कूलर बंद करा!" बबिता ओरडली, तोवर व्हायचं ते झालं होतं.

बैठकीतल्या फरशीवर चित्राचं कापड पसरलेलं होतं. त्याच्यावरचा प्लास्टिकचा पातळ कागद तिनं नुकताच एका दमात, अख्खाच्या अख्खा ओढून काढला होता. खाली सगळा डिंक उघडा. आणि समोरचा कूलर लातूरच्या एप्रिलमधली धूळ, जाळीतल्या वाळल्या गवताच्या काड्या आणि घरातल्या सगळ्या बायकांचे केस आणून त्या डिंकावर बसवत होता.

कूलर लावला होता सिंधूनं. सिंधू म्हणजे बबिताची वहिनी. तिनं कूलर बंद केला नाही. सावकाश उठून फक्त त्याचं तोंड आपल्याकडं वळवून घेतलं.

"घरच्या मानसांनी उकाड्यात मरावं," ती म्हणाली, "आन हिच्या चिकटपट्टीला वारा लागू नये."

"थोडं थोडं काढायचं असतंय वाटतं," बबिता पुटपुटली. "जेवढं भरायचं तेवढंच."

"मंग कामून काढलंस सगळं?"

याचं उत्तर सिंधूच्याच घरात पसरलेलं होतं. सोफ्यावर प्लास्टिक होतं, रिमोटला होतं, फ्रिजच्या मुठीला होतं, देव्हाऱ्यातल्या नव्या तसबिरीलाही होतं. वस्तू आली की तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, वस्तू जुनी होऊन गेली तरी प्लास्टिक नवं राहिलं पाहिजे, असा त्या घराचा कायदा. त्या घरात बबिताला पहिल्यांदाच स्वतःची अशी एक नवी वस्तू मिळाली होती. तिनं तिच्यावरचं प्लास्टिक भूक लागल्यासारखं काढलं.

तशी वस्तूही पूर्ण नवी नव्हती. बबिता एका मुलींच्या होस्टेलवर रेक्टर होती. कोचिंग क्लासेसच्या गल्लीत असली होस्टेलं पावलोपावली आहेत. बारावीच्या आधीच डॉक्टर झाल्यासारख्या चालणाऱ्या पोरी जूनमध्ये तिथं येतात आणि त्यातल्या काही दिवाळीनंतर गपचूप सामान बांधतात. धर्माबादची अशीच एक पोरगी जाताना डबा ठेवून गेली. "डोकं शांत होतं म्हणून मागवलं होतं मॅडम. फोडलंच नाही. तुम्हीच घ्या, मला बघवत नाही."

डब्यात गुंडाळलेलं कापड, पुड्यांमध्ये मोहरीएवढे चौकोनी रंगीत खडे, एक पेन, एक छोटा ट्रे आणि गुलाबी मेणाचा तुकडा. कापडावर बारीक चौकटी, प्रत्येक चौकटीत एक खूण. ज्या रंगाची जी खूण, तिथं तो खडा. पेनाचं टोक मेणात खुपसायचं, खडा उचलायचा, डिंकावर दाबायचा. झालं. डायमंड पेंटिंग म्हणतात त्याला. डायमंड कुठं नव्हता आणि पेंटिंगही नव्हतं, पण बबिताला नावाबद्दल तक्रार नव्हती. चित्र होतं बर्फातल्या घराचं. लाकडी घर, खिडकीत पिवळा उजेड, मागं डोंगर, आणि सगळीकडं बर्फ.

"बर्फ!" तिचा थोरला भाऊ दयानंद म्हणाला. "नळाला पानी न्हाई आन बाईसाहेब बर्फ पाडून राहिल्या."

दयानंद दिवसातून एवढं एकच वाक्य बोलायचा, बाकी सगळं सिंधू बोलायची. बबिताचं लग्न देवणीला झालं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती एक बॅग घेऊन भावाकडं आली. भावानं तिला घेतलं. सिंधू उपकार कधी विसरत नसे, म्हणजे स्वतः केलेले. सकाळचा स्वयंपाक, संध्याकाळचा स्वयंपाक, पापड, कुरडया, भाची ऋतुजाचे डबे हे सगळं बबितानं केलं, ते मात्र राहण्याच्या बदल्यात धरलेलं होतं. सिंधूच्या हिशेबात वहीची गरज पडत नाही. तोंडी असतो आणि दर वेळी बाकी बबिताकडंच निघते.

तर त्या घाण झालेल्या कापडावर बबिता दुपारभर बसली. भुवया कोरायच्या चिमट्यानं एकेक काडी, एकेक केस उपटला. डाव्या कोपऱ्यात डिंकच निघून आला, तिथं खडे बसेनात. मेण तर दोनच दिवसांत वाळलं. मग तिनं आईची डबी काढली. आई कुंकवाखाली मेण लावायची, तिची पितळी डबी बबिताच्या पेटीत तशीच होती. त्या मेणाला खडे असे धरून बसले की सुटताना टक्क आवाज यायचा.

"आईच्या कुंकवाचं मेन खड्यांला लावायलीस?" सिंधू दारातून म्हणाली. "लाज तर कायबी न्हाई."

"तुमाला पायजे का? उरलंय."

सिंधूला नको होतं. ती टिकली लावायची.

होस्टेलवरून आल्यापासून संध्याकाळच्या पिठाला हात लावेपर्यंतचा वेळ बबिताचा होता. आधी निळे खडे, मग तपकिरी, मग तो संपता संपेना असा पांढरा. सुरुवातीला रांग वाकडी जायची. मग तिला कळलं की मधे मोकळं सोडून, एक आड एक भरलं की रांग सरळ राहते. पुढं बोटं आपोआप चालू लागली. तेवढा वेळ ती कुणाची बहीण नसायची, कुणाची नणंद नसायची, टाकलेली तर मुळीच नसायची. सिंधूला नेमकं तेच खुपत होतं. माणूस काम करताना दिसलं तर ठीक, कण्हताना दिसलं तर आणखी ठीक. पण आपल्या घरात बसून कुणी असं निवांत कसं असू शकतं?

चित्र दिवाळीच्या सुमाराला पुरं झालं. बबितानं खिळा मागितला.

"भिंतीला भोक पाडायचं न्हाई," सिंधू म्हणाली. "डिस्टेंपर मारलाय."

चित्र पलंगाखाली गेलं.

आणि मार्गशीर्षात त्याच सिंधूनं, स्वतःच्या हातानं, त्याच भिंतीला खिळा ठोकला. चित्राला फ्रेमही करून आणली, काचेविना, सोनेरी कडांची. ऋतुजाला बघायला मुखेडचे पाहुणे येणार होते.

"बैठकीत पोरीच्या हातचं कायतरी लागतंय," ती फ्रेम सरळ करत म्हणाली. "ऋतुजानं तर डी. फार्म. सोडून कशाला हात लावला न्हाई. त्या बाया भिंतीकडं बघत्यात आधी, मग पोरीकडं."

बबिता खाली उभी होती. "म्हंजी? ऋतुजानं केलं म्हणून सांगनार?"

"मंग काय तू केलं म्हणून सांगू? तुला बघायला यायलेत का ते?"

"वहिनी, म्या केलंय."

"अगं, कोन कुठं खरं करतंय?" सिंधू स्टुलावरून उतरली. आता ती समजावणीच्या सुरात आली, म्हणजे जास्त धोकादायक. "माझ्या बघन्याला आमच्या बैठकीत मण्यांची बदकं व्हती. काचेच्या पेटीत. तुझ्या आईनं त्या बदकांकडं बघूनच हो म्हणलं. ती काय म्या केली व्हती? आमच्या शेजारच्या मावशीनं केली. तिच्या बदकांवर गल्लीतल्या चार पोरी उजवल्या. ती काय बोलली? तोंडातून शब्द न्हाई काढला."

"नाव काय तिचं?"

"कुनाचं?"

"त्या मावशीचं."

सिंधूनं जरा आठवून पाहिलं. "मावशीच म्हणायचो," ती म्हणाली, आणि हातोडी घेऊन आत गेली.

बबिता तिथंच उभी राहिली. तिला त्या चित्राची शाबासकी नको होती. ते विकायचंही नव्हतं. एवढंच हवं होतं, की कुणी विचारलं कुणी केलं, तर तिचं नाव यावं. तिच्या नावावर तोपर्यंत आलेली गोष्ट एकच होती, देवणीची. ती मात्र न विचारता सगळ्यांना माहीत असायची.

पाहुणे रविवारी सकाळी आले. मुलगा भारत, त्याचे वडील आणि आई अयोध्याबाई. अयोध्याबाई अंगानं बारीक आणि नजरेनं जाड. त्या चपला काढता काढताच घराचा हिशेब करू लागल्या. फ्रिज, पडदे, कोपऱ्यातली शिलाई मशीन. बबिताला स्वयंपाकघरात राहायची सूचना होती. "मधी येऊ नको," सिंधूनं बजावलं होतं. "इचारतेत, नांदत कामून न्हाई. सांगत कोन बसतंय?"

बबिता आत पोहे परतत होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मुलाच्या वडिलांनी दयानंदला पाऊसपाणी विचारलं. ऋतुजा चहा घेऊन गेली, खाली मान घालून, तिला शिकवलं होतं तशी. मग अयोध्याबाईंचा आवाज आला.

"हे कुनी केलं?"

बबिताच्या हातातला झारा थांबला.

"ऋतुजानंच की," सिंधू म्हणाली. "लई नाद हाय तिला. एकेक खडा हातानं बशिवला. आमी म्हणतो, अगं जेव तरी!"

"बापरे. हुन्नर हाय पोरीत," अयोध्याबाई म्हणाल्या. त्या उठून जवळ गेल्या असाव्यात. नखानं खड्यांवर घासल्याचा करकर आवाज आला. "आमच्या हॉलात लई शोभंल हे. सोफ्याच्या वर तशी जागाच हाय."

"मंग घेऊन जावा की, विहीणबाई!"

विहीणबाई! पोरगी अजून पसंत पडायची होती.

"तसं न्हवं, लग्न जमल्यावर..."

"जमल न जमल, आठवन ऱ्हाऊ द्या. अहो, काढा ते खाली." हे दयानंदला. आणि मग आतल्या बाजूला, मोठ्यानं, "बबिता! एक मोठी पिशवी आन गं!"

बबितानं गॅस बंद केला. पिशवी घेतली, बाहेर आली. दयानंद स्टुलावर चढलेला, दोन्ही हात फ्रेमला. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच खिळ्याकडं पाहिलं.

"ह्या कोन?" अयोध्याबाईंनी विचारलं.

"ह्या आमच्याकडंच असत्यात," सिंधू म्हणाली. "कामाधामाला."

दयानंद काहीतरी बोलेल असं बबिताला वाटलं. तेवढ्यासाठी ती थांबलीसुद्धा. दयानंदनं फ्रेम खिळ्यातून सोडवली.

"मी ह्यांची सख्खी बहीण," बबिता म्हणाली. आवाज चढला नव्हता, होस्टेलवर ती हजेरी घेताना बोलते तसाच होता. "देवणीला दिली व्हती. नवऱ्यानं दुसरी केली, म्हणून नांदत न्हाई. आन हे चित्र म्या केलंय. ते मी कुनाला देनार न्हाई."

मुलाच्या वडिलांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. भारत मोबाईलकडं पाहू लागला. अयोध्याबाईंनी चित्राकडं, बबिताकडं आणि शेवटी ऋतुजाकडं पाहिलं.

"मंग पोरीनं काय केलंय?" त्यांनी विचारलं.

पोहे तसेच राहिले. "कळवतो," असं म्हणून पाहुणे चपला शोधू लागले.

गाडीचा आवाज गल्लीतून जाईपर्यंत सिंधू दारात हसऱ्या तोंडानं उभी होती. मग वळली.

"जळती तू! तुझं जमलं न्हाई म्हणून पोरीचं जमू देईना!"

"पोरीला न्हाई मी काही बोलले."

"तुला मोलकरीन म्हणलं म्हणून राग आला व्हय? मंग हायेस कोन? खातीस कुनाचं?"

"शिजवलेलं तर माझंच खातो आपन सगळे."

ऋतुजा आतापर्यंत साडीच्या पदराची पिन काढत बसली होती. ती उठली. तिचा आवाज आईसारखा नव्हता, गार होता. "आत्या, तुझं एक चित्र गेलं असतं. फक्त चित्र. माझं काय गेलं, कळतंय का तुला?"

बबिताला कळत होतं. या पोरीचे डबे तिनं भरले होते, केस विंचरले होते. "कळतंय," ती म्हणाली.

"मग?"

"माझं एकच व्हतं, ऋतू."

"ऋतू म्हणू नको मला."

दयानंद अजून फ्रेम धरून उभा होता. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली आणि दिवसाचं वाक्य बोलला. "उद्यापसून होस्टेलवरच ऱ्हा."

"आन हे?"

"घेऊन जा. मला ह्या घरात दिसू नये."

होस्टेलवर रेक्टरसाठी खोली होती. मालकांनी पूर्वी दोनदा विचारलं होतं, तेव्हा दयानंद म्हणाला होता, बहीण बाहेर राहिली तर लोक काय म्हणतील. लोकांचं बहुधा आता मिटलं असावं.

सकाळी बबितानं पीठ मळून ठेवलं, भाजी चिरून ठेवली, फोडणी घातली नाही. बॅग भरली. कुणी दारापर्यंत आलं नाही. आत सिंधू मोठमोठ्यानं भांडी मांडत होती.

फ्रेम रिक्षात आडवी मावेना. मागं ठेवावी तर खडे घासतील. शेवटी ती मांडीवर उभी धरून बसली, चित्र बाहेरच्या बाजूला. सकाळचं ऊन थेट खड्यांवर येत होतं आणि रिक्षा हलेल तसे उजेडाचे ठिपके दुकानांच्या शटरवरून पळत होते.

चौकात रिक्षा थांबली. शेजारी स्कूटीवर एक बाई, मागं शाळेची पोरगी. बाईनं स्कार्फ खाली ओढला.

"किती छान हो! कुठून घेतलं?"

"घेतलं न्हाई," बबिता म्हणाली, "मी..."

मागून हॉर्न वाजले. सिग्नल सुटला आणि स्कूटी डावीकडं वळून गेली.

"मी केलंय," बबिता म्हणाली.

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

"मी केलंय हे," तिनं त्याला सांगितलं. त्यानं काही विचारलं नव्हतं.