हिरव्या टाक्या

"मिस्त्री, हिनं आज पुन्हा मान टाकली!"

सिस्टरने सायकल ढकलत शेडमध्ये आणली आणि स्टँडवर न लावता सरळ भिंतीला टेकवली. घरोघर जाऊन आजारी माणसांना इंजेक्शने देणारी, जखमा धुणारी ही बाई. पायडल मारून मारून गुडघे कामातून गेले, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिने मिस्त्रीकडून सायकलला पेट्रोलचे छोटे इंजिन बसवून घेतले होते.

"कुठं बंद पडली?"

"पुलाच्या चढावर. परवाच्याच जागी. तिकडे एक म्हातारा ताट पुढ्यात घेऊन दीड तास इन्सुलिनच्या इंजेक्शनची वाट बघत बसला."

"मग पुन्हा चालूच झाली नाही?"

"झाली की. पेट्रोल आहे का बघितलं, दोन शिव्या घातल्या, पायडल मारलं, झाली चालू. पुढे अर्ध्या तासानं पुन्हा तेच. शेवटी ढकलत आणली."

"शिव्या इंजिनला घातल्या ना?"

"नाही. तुम्हाला."

मिस्त्री हसला नाही. त्याने टाकीचे झाकण उघडून आत पाहिले, पेट्रोल हलवून पाहिले, झाकण लावले आणि आवारात चार फेऱ्या मारल्या. इंजिन सुतासारखे सरळ चालले. प्लग त्याने आधीच बदलला होता, कार्बोरेटर दोनदा धुतला होता, ऑइलचे माप स्वतः बघितले होते.

अशी तक्रार घेऊन आलेली ही तिसरी सायकल. आधी पेपरवाल्याची, मग निवृत्त मास्तरांची, आता सिस्टरची. तिन्ही गाड्या याच मोसमातल्या. तीस वर्षे सायकली आणि त्यातली बारा वर्षे ही इंजिने, पण मिस्त्रीच्या हातची गाडी अशी रस्त्यात कधी बसली नव्हती. उलट या वर्षी तर त्याने टाक्यांना स्वतःच्या हाताने हिरवा रंग द्यायला सुरुवात केली होती. खोक्यातून येणाऱ्या टाक्यांचा काळा रंग त्याला दरिद्री वाटायचा.

"उद्यापर्यंत ठेवा सिस्टर," तो म्हणाला. "दोष सापडल्याशिवाय देणार नाही."

ती गेल्यावर त्याची नजर शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे गेली. तिथे त्याचा तीस वर्षांचा भागीदार, वेल्डर, बसायचा. इंजिनाबरोबर येणारी नळी बहुतेक सायकलींना आखूड पडते, म्हणून कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंतची वाकडी नळी वेल्डर बनवून द्यायचा. त्या नळीच्या जोडाला बारीकसे छिद्र राहिले, तर इंजिन तापल्यावर नको तिथून हवा ओढते आणि बंद पडते. वेल्डरच्या हातून असे छिद्र चुकून राहणे शक्य नव्हते. मग राहिले ते मुद्दाम.

हा विचार मिस्त्रीच्या मनात आधी चोरपावलांनी आला, आणि मग पाय पसरून बसला.

एकदा संशयाचा चष्मा चढला की सगळेच तसे दिसू लागते. गेले दोन महिने वेल्डर दुपारी जेवायला घरी जात नव्हता. "तू जा, मी थांबतो," म्हणायचा. मिस्त्री अचानक परत आला की तो आपल्या पत्र्याच्या डब्याचे झाकण घाईने लावायचा. बोलतानाही हल्ली डोळ्याला डोळा देत नव्हता. त्यात चहावाल्याने तेल ओतले.

"तुमचे भागीदार चौकात दिसतात हल्ली," ग्लास ठेवता ठेवता तो म्हणाला होता. "ते नवं दुकान निघालंय ना, असलीच इंजिनं विकणारं? त्याच्या बाजूच्या जिन्यानं वर जाताना दोनदा बघितलं मी. मला काय, दिसलं ते सांगितलं."

त्याच दिवशी दुपारी वेल्डर बाहेर लोखंड आणायला गेला, तेव्हा मिस्त्रीने तो डबा उघडला. तीस वर्षांत पहिल्यांदा. आत खडू, जुना हातमोजा, घरच्या किल्ल्या, आणि फडक्यात गुंडाळलेली बोटभर उंचीची पांढरी बाटली. तिच्यावरचा कागद नखाने खरवडून काढलेला. निळ्या टोपणाखाली टोकाला बारीक नळी, थेंब थेंब पडेल अशी. मिस्त्रीने वास घेतला. वास काहीच नव्हता. पेट्रोलमध्ये टाकायचे तर असेच काहीतरी हवे, बिनवासाचे, त्याच्या मनाने घेतले.

वेल्डर आला तेव्हा बाटली मिस्त्रीच्या हातातच होती. पेपरवाला आपली गाडी न्यायला येऊन उभा होता, चहावालाही होता.

"हे काय आहे?" मिस्त्रीने विचारले.

वेल्डर जागीच थांबला. "ती माझी आहे. दे इकडे."

"तुझी आहे ते दिसतंय. किती थेंब टाकतोस एका टाकीत? की नळीला छिद्र ठेवून भागतं? त्या चौकातल्या दुकानानं काय कबूल केलंय तुला?"

पेपरवाल्याने मान खाली घातली. वेल्डरने हात पुढे केला. हात बाटलीच्या थोडा बाजूला गेला, पण रागाच्या भरात मिस्त्रीच्या ते लक्षात आले नाही.

"तीस वर्षांनी माझा डबा उघडलास," वेल्डर म्हणाला. "आता मी सांगायचं काय राहिलं?"

बाटली खिशात घालून, वेल्डिंगचा मुखवटा काखेत मारून तो निघून गेला. ज्याच्या मनात चोर असतो तो असाच मुकाट जातो, असे मिस्त्री पेपरवाल्याला म्हणाला.

संध्याकाळच्या आत मिस्त्रीने सिस्टरच्या सायकलची नळी दुसऱ्या वेल्डरकडून नवीन करून आणली. टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. सकाळी सिस्टर आली, तेव्हा त्याची मान ताठ होती.

"रोग बरा झाला. न्या."

"असं चार वेळा म्हणालात," सिस्टर म्हणाली. "आवारात चार फेऱ्या मारून काय कळणार? माझ्या रस्त्यानं चालवून बघा. मी बसते इथं."

मिस्त्री तसाच निघाला. पायडल मारून क्लच सोडला, इंजिन चालू झाले. बाजार मागे पडला, शाळा मागे पडली, गिरणीची लांबच लांब भिंत मागे पडली. तो मनात वेल्डरशी भांडत होता आणि प्रत्येक वाक्यात जिंकत होता. पुलाच्या चढावर इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडले.

तो खाली उतरला. नळी नवी. पेट्रोल नवे. वेल्डरचा हात आता या गाडीत कुठेच नव्हता. काही सुचेना, म्हणून पेट्रोल बघायला त्याने झाकण फिरवले.

"सुस्स" असा आवाज झाला. टाकीने घटाघटा हवा आत ओढली.

त्याने झाकण उन्हात धरले. पेट्रोल खाली उतरते तशी टाकीत हवा शिरायला हवी. त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढे भोक असते. ते भोक हिरव्या रंगाने गच्च बुजले होते. हवा मिळेना म्हणून पेट्रोल उतरेना, आणि झाकण उघडले की सगळे पुन्हा सुरळीत. शेडमध्ये तो दर वेळी आधी झाकणच उघडायचा, म्हणून तिथे गाडी कधी बंद पडलीच नव्हती. तिन्ही टाक्या झाकणांसकट त्यानेच रंगवल्या होत्या.

परत आल्यावर त्याने टाचणीने भोक मोकळे केले. सिस्टरला सगळे सांगितले, वेल्डरचेही. आणि सांगता सांगता संशयाचे शेपूट पुन्हा वळवळलेच. "पण मग ती बाटली कसली, सिस्टर? लपवायची कशाला?"

सिस्टर उभी राहिली. "पांढरी? निळ्या टोपणाची?"

"तुम्हाला काय माहीत?"

"कसे घालायचे ते मीच शिकवलं त्यांना. डोळ्यांचे थेंब आहेत ते. काचबिंदू. दुपारी ठरल्या वेळेला घालावेच लागतात. चौकात त्या दुकानाच्या वर डोळ्यांचे डॉक्टर बसतात." तिचा आवाज खाली आला. "मिस्त्रीला कळू देऊ नका, मीच वेळ बघून सांगेन, असं म्हणाले होते."

मिस्त्रीने आधी पेपरवाल्याला आणि चहावाल्याला बोलावून घेतले. सिस्टरच्या देखत म्हणाला, "चूक माझी होती. त्याच्या कामात काडीचा दोष नव्हता." मग स्वतःची इंजिनाची सायकल काढून तो वेल्डरच्या घरी गेला.

वहिनींनी दार उघडले. एरवी "या भावजी" म्हणायच्या, आज नुसत्या बाजूला झाल्या. वेल्डर खिडकीशी खुर्चीत बसला होता.

"झाकणाचं भोक बुजलं होतं," मिस्त्री उभ्या उभ्याच म्हणाला. "रंग मी लावला होता."

"केवढं असतं ते भोक?"

"सुईच्या टोकाएवढं."

"मग मला दिसलंच नसतं," वेल्डर म्हणाला. "तुला दिसायला पाहिजे होतं."

मिस्त्रीने समोरचे स्टूल ओढून घेतले.

"दोन महिने प्रत्येक जोड मी अंगठ्यानं चाचपून दिलाय," वेल्डर म्हणाला. "तू जेवायला गेलास की पाण्यात बुडवून, फुंकून बघायचो. बुडबुडा आला का विचार."

"नसेलच आला."

"नाहीच यायचा."

"उद्यापासून ये," मिस्त्री म्हणाला. "बारीक काम मी बघेन. तू नुसता बस."

"नुसतं बसायला घरी खुर्ची आहे." वेल्डरने मान हलवली. "काम तसंही संपलंच होतं रे. या महिन्याअखेर सोडणार होतो. फक्त ते मी तुला माझ्या तोंडानं सांगणार होतो. चहा पीत, नीट बसून. तेवढं राहिलं."

माफीचे शब्द मिस्त्रीने वाटेत जुळवले होते, ते अर्धेमुर्धे बोलून झाले. वेल्डर "हं" म्हणाला. वहिनींनी पाणी आणून ठेवले.

निघताना वेल्डर त्याला सोडायला बाहेर आला. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. मिस्त्रीने खाली उतरून हात पुढे केला. वेल्डरने तो घेतला नाही. पायाच्या बोटांनी एकेक कड चाचपत तो स्वतःच खाली आला आणि फाटकाला धरून उभा राहिला.

मिस्त्रीने पायडल मारले, क्लच सोडला. इंजिन पहिल्या झटक्यात लागले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याने मागे वळून हात उंचावला. वेल्डरचे तोंड त्याच्याकडेच होते. पण हात फाटकावरून हलला नाही. दिसले नाही, की दिसूनही नाही, हे मिस्त्रीला कळेना. तो थोडा वेळ हात तसाच धरून राहिला, मग खाली घेतला आणि निघाला.