हेमचंद्र सरांचं फ्रिंगझेन

हेमचंद्र सरांनी पुण्यात जन्मभर जर्मन शिकवलं, त्यामुळे आपल्या कुठल्याही आगळिकीला त्यांच्याकडे एखादं भारदस्त क्रियापद तयार असे. लेकीकडे सिंगापूरला, चोआ चू कांगमध्ये, राहायला आल्यापासून ते पहाटे ब्लॉकखालच्या बागेतली जास्वंदीची कळी गुपचूप खुडून आणत आणि गणपतीला वाहत. पुण्यातही त्यांची पूजा शेजाऱ्यांच्या कुंपणात हात घालूनच होत असे. देवाच्या फुलाला कुणी चोरी म्हणतं का?

एकदा लेकीनं, गार्गीनं, त्यांना परडीसकट पकडलं. सर शांतपणे म्हणाले, याला जर्मनमध्ये फ्रिंगझेन म्हणतात. महायुद्धानंतरच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स प्रवचनात म्हणाले, की जीव जगवायला लागेल तेवढं घेतलं तर चालेल. लोकांनी मालगाड्यांवरचा कोळसा उचलला आणि त्या उचलण्याला त्यांचंच नाव देऊन टाकलं.

पण गार्गी जर्मन शिकली होती ती त्यांच्याकडेच.

"बाबा, वाक्य अर्धंच सांगितलंत. कष्टानं किंवा मागून मिळत नसेल तर, असं म्हणाले होते ते. तुम्ही मागितलंत का?"

झाड त्याच इमारतीतल्या लिम आंटीनं लावलेलं होतं, आणि गार्गी चांगीला ऑफिसात गेली की दिवसभर सरांशी बोलणारं माणूस ती एकटीच. कळ्या नाहीशा होतात म्हणून तिनं झाडाला जाळी लावली, तेव्हा सरांनीच जाळी धरली होती आणि वर साळुंक्यांना मनसोक्त नावं ठेवली होती. आता खरं सांगायचं म्हणजे बागेतल्या बाकावरच्या गप्पा संपल्याच. सरांना खरोखर भीती वाटली.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले आणि सगळं सांगून टाकलं. आंटी झारीनं पाणी घालत राहिली. मग ओल्या मातीतल्या चपलांच्या ठशांकडे बोट दाखवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आय नो, लाह. बर्ड वेअर स्लिपर, मेह?"

सरांनी मान खाली घालून रीतसर एक फूल मागितलं.

"कॅन. बट वेट," म्हणत ती बाकावर सरकून बसली.

कळी अजून मिटलेली होती. सर शेजारी बसले. ऊन वर आलं तशी एकेक पाकळी सुटत गेली. जन्मभर देवाला जास्वंद वाहिलेल्या सरांनी ती झाडावर उमलताना पहिल्यांदाच पाहिली, आणि त्यांना फार आनंद झाला. आंटीनं कात्री पुढे केली. सरांचा हात काही पुढे होईना.

त्या दिवशी गणपतीला नुसत्या अक्षता मिळाल्या.