जिन्याचा सीन

“परत लाव. जिन्याचा लाव,” सासरे म्हणाले.

सकाळपासून चौथ्यांदा. मी गिऱ्हाइकाची पँट मशीनवरून बाजूला केली, रिमोट घेतला आणि सिनेमा मागे नेला. टीव्हीवर तो यांत्रिक कुत्रा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. चंदेरी अंग, डोळ्यांत निळे दिवे. खाली घरात चोर शिरलेला. कुत्रा गुरगुरला, ऐटीत एक पाऊल टाकलं आणि सतरा पायऱ्या गडगडत थेट चोराच्या पायाशी. आणि वर चोराला बघून शेपूट हलवतोय!

सासरे हसले. अर्धांगवायूनं तोंडाची डावी बाजू गेली होती, म्हणून उजव्या बाजूनंच, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्या कुत्र्याच्या आत माझा नवरा होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कंपनीनं त्याची कागदावर सही घेतली होती. जाहिरातीत सगळीकडे छापलं होतं, कुत्रा संपूर्ण स्वयंचलित आहे म्हणून. कसलं स्वयंचलित नि कसलं काय! चौदा किलोचं फायबरचं कवच आणि त्यात रांगणारा चार फूट आठ इंचांचा माझा नवरा. जबडा उघडायला दातांत दोरी धरायची, समोरचं दिसायला गळ्याजवळ जाळीचं भोक. शेपूट तर त्याच्याकडे नव्हतंच. ते लांबवर खुर्चीत बसलेला एक माणूस रिमोटनं हलवायचा. त्या दिवशी त्याचं बोट चुकलं आणि चोराला बघून शेपूट हललं. दिग्दर्शक हसून लोळला, म्हणाला, राहू दे असंच. चौऱ्याण्णव दिवस रांगला माझा नवरा. पँटच्या आतून गुडघ्यांशी फोमच्या गाद्या मीच शिवून द्यायचे. संध्याकाळी त्या चपट्या होऊन घरी यायच्या. सिनेमा चालला आणि याचे गुडघे बसले. दुसऱ्या भागाला त्यांनी दुसरा माणूस घेतला.

तेव्हापासून हा घरी, आणि आजारपणामुळे सासरेही घरी. सासरे तीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. सहा फुटी, भरदार माणूस. मुलगा बुटका निघाला याचं मला काही नाही, असं चारचौघांत म्हणायचे आणि त्याच तोंडानं त्याला ‘पावशेर’ अशी हाक मारायचे.

“तू नक्की करतोस तरी काय?”

“सिनेमात असतो, बाबा.”

“दिसत तर कुठं नाहीस.”

लग्न झाल्यापासून हे मी शंभरदा ऐकलं असेल. बरं, तो खरंच दिसायचा नाही. सिनेमातल्या लहान मुलांच्या ऐवजी उड्या मारायचा, तोही पाठमोरा.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका आला तर निभावणार नाही. त्याआधी म्हाताऱ्यानं मुलाला एकदा, फक्त एकदा शाबास म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नवऱ्यालाही तेच हवं होतं. तो बोलायचा नाही, पण सिनेमा चालू असला की टीव्हीकडे न बघता बापाच्या तोंडाकडे बघत बसायचा. ते बघून माझा जीव तुटायचा.

त्या दुपारी तो स्टुलावर बसून सासऱ्यांचे पाय पुसत होता. खाली बसणं आता त्याला जमत नव्हतं. टीव्हीत कुत्रा फाटकाशी गेला, पंज्यानं कुलूप ओढून पाहिलं, चार पावलं पुढे गेला, थांबला आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढलं.

“बघ, बघ! दोनदा ओढलं!” सासरे खूश झाले. “एकदा ओढून जातो तो वॉचमनच नव्हे. या मशीनला कळतं, आणि आमच्या पावशेराला एवढ्या वर्षांत काही कळलं नाही. याच्याऐवजी हे कुत्रं पोटी आलं असतं ना, तर नाव काढलं असतं.”

नवरा बोटांच्या बेचक्या पुसत राहिला. माझं मात्र डोकं फिरलं.

“बाबा, तो हाच आहे.”

“कोण?”

“कुत्रा! आत हा आहे. तुमचा मुलगा.”

“अगं ए!” नवरा ओरडला. “सही केलीय मी!”

“चुलीत गेली तुझी सही.”

सासरे माझ्याकडे बघून हसले. “काहीतरीच काय, सूनबाई! पेपरात आलंय. मशीन आहे ते.”

“मग मशीनला कुलूप दोनदा ओढायला कुणी शिकवलं? दिग्दर्शकानं सगळ्यांना विचारलं होतं, पहारा कसा देतात कुणाला माहितीये का? हा म्हणाला, मला माहितीये. शाळेतून येताना तुमचा डबा घेऊन गेटवर यायचा ना हा? तिथं बसून बघायचा तुम्हाला.”

सासऱ्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, गुडघ्यांकडे.

“पँट वर कर.”

“राहू द्या हो, बाबा.”

“कर म्हणतोय ना.”

त्यानं पँट वर केली. दोन्ही गुडघे काळे पडलेले, उजवा सुजून वाटीएवढा झालेला. सासऱ्यांनी चांगला हात पुढे केला आणि गुडघ्याला न लावताच मागे घेतला.

“जिना लाव,” ते मला म्हणाले.

मला वाटलं, झालं काम! आता म्हातारा हसेल, पाठीवर थाप मारेल. लगबगीनं मी रिमोट दाबला. कुत्रा गुरगुरला, गडगडला, शेपूट हललं. खोलीत कुणी हसलं नाही.

“कितीदा?”

“काय, बाबा?”

“कितीदा पाडलं तुला?”

नवरा खोटं बोलू शकला असता. पण बापानं जन्मात पहिल्यांदा त्याच्या कामाबद्दल विचारलं होतं. हुरूप आला वेड्याला. “अकरा टेक झाले, बाबा! अकरावा ओके झाला.” आणि तो सांगतच सुटला. कुठल्या पायरीवर मान आत घ्यायची, खाली आधी गादी कशी होती, ती कॅमेऱ्यात दिसते म्हणून मग काढून कशी टाकली, सगळं. इतका आनंदात मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. सासरे भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

“बंद कर ते,” शेवटी ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आपणहून विचारलं, “लावू का, बाबा?” “नको.” तिसऱ्या दिवशीही नको. शाबास तर राहिलंच, पावशेर म्हणणंसुद्धा थांबलं. त्याच्या हातून ते पाणीही घेईनात. काही हवं असलं की मला खूण करायचे, “तू दे. त्याला उठवू नको.”

“तू बोलायला नको होतंस,” नवरा ओट्याशी उभा राहून मला म्हणाला. “हसत होते गं ते. मला हसत होते, पण हसत होते ना?”

सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. ते हसणं माझ्या नवऱ्यानं आपले गुडघे देऊन घरात आणलं होतं, आणि एका शाबासकीच्या हावेपायी मी ते घालवलं. अजूनही स्वतःची चीड येते.

रविवारी तो सिनेमा पहिल्यांदा चॅनेलवर लागला. आमचा टीव्ही बंदच होता, पण इमारतीच्या भिंती पातळ, आणि प्रत्येक घरात तोच चालू. आम्हा तिघांना अख्खा सिनेमा पाठ. चोर खिडकीतून आत आला, ते संगीत आम्हाला कळलं. मी मशीन थांबवलं. मग गुरगुर ऐकू आली, मग पायऱ्यांवरचा गडगडाट, आणि वरून, खालून, दोन्ही बाजूंनी एकदम हशा उसळला. लहान मुलं तर किंचाळत होती.

सासरे कोपरावर रेटून अर्धवट उठले. चांगल्या हाताची मूठ वळून त्यांनी भिंतीवर मारली.

“हसू नका रे!” ते ओरडले. “लागतंय त्याला! हसू नका!”

अर्ध्या तोंडातून आवाज तो किती निघणार? शेजारी कुणाला ऐकूही गेलं नसेल. ते पुन्हा पुन्हा मारत सुटले, बोटांची सालं निघायला लागली. नवरा लंगडत आला. “बाबा, सिनेमा आहे हो तो. बाबा, मी इथंच आहे, बघा ना.” ते ऐकेनात, तेव्हा त्यांच्या मुठीला लागू नये म्हणून त्यानं मध्ये आपला तळहात भिंतीला लावून धरला.

सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्यावर मारत राहिले.