भिमीनं पुरलेली थाळी

टोकावड्याच्या वरच्या अंगाला भिमीचं घर. त्या घरात आता खिळासुद्धा उरला नव्हता. विळा गेला, तवा गेला, दाराची कडी गेली. खाटेचे खिळे उपटले तशी खाट बसली, वर निजलेला तिचा नवरा मंगळूही बसला. भात मडक्यात, जेवण पळसाच्या पानावर. येणाऱ्यानं चाव्या, मोबाइल, पायातली जोडवी अंगणाबाहेर ठेवायची.

हे सारं मंगळूच्या विसरण्यापायी. मुरबाडचे डॉक्टर म्हणाले होते, "या आजारात मेंदूत तांबं, लोखंड साचलेलं दिसतं. ते ओढून काढणारी औषधं अजून तपासतायत. घरच्या भांड्यांना दोष देऊ नका." लेक सुदामनं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. जुन्या स्पीकरचं चुंबक बापाच्या टकलावर फिरवलं. चिकटलं नाय.

"खोल गेलंय गो, आये," तो म्हणाला.

भिमीला एकच हवं होतं. म्हाताऱ्यानं एकदा तरी तिला नावानं हाक मारावी. म्हणून तिनं परसात खड्डा करून सगळं पुरलं. शेवटी त्याची काशाची थाळी. तिच्यावर मेणानं काडी उभी करायची, काडीवरनं बोटं ओढायची, की थाळी घुमे. त्या घुमण्यावर मंगळूनं चाळीस वर्षं साऱ्या पाड्यांना धरतीच्या जन्माची गाणी ऐकवली होती.

महिना झाला. मंगळू भिंतीशी मांडी घालून बसे, हवेतली काडी ओढत राही. घर मुकं, बोटं मुकी. भिमी पाणी घेऊन आली की तो विचारी, "बाय, तू कोनाची गो?"

एका सकाळी तिनं माती उपसली. थाळी पदरानं पुसली, मेण मऊ केलं, काडी रोवली.

"आये, इष हाय ते!" सुदाम ओरडला.

"आसंल. तुजा बाप तरी बोलंल."

मंगळूची बोटं काडीवरनं उतरली. थाळी भुंग्यागत घुमली. आणि तो गायला, एक ओळ न चुकता. आधी पाणी आलं, पाण्यावर माती आली, मातीवर पहिलं गवत आलं. गाणं सरलं तसा त्यानं थाळीच्या कडेवर तळवा ठेवला.

"भिमे, लय दिसांनी आलीस गो."

समोर बसलेली भिमी पुढं सरकली. "आवो, मी हितं हाय."

मंगळूनं तिला निरखून पाहिलं, मग थाळी थोपटली. "ही माजी भिमी. तू कोन?"

"मी?" तिनं डोळे पुसले. "मी तिची सवत."

"बरं बरं," तो सरकला, तिला जागा केली. "मंग बस. माज्या मागनं झील धर."

आणि भिमीनं सवतीच्या सुरात सूर मिसळून झील धरली.