अठ्ठावन्न नंबरचं पत्र

मानसिक आरोग्याच्या संशोधन केंद्रात मी ऑफिस सांभाळते. फायली, तारखा, फोन, पत्रं, झेरॉक्स मशीनचं रुसणं-फुगणं, सगळं माझ्या गळ्यात. यंदाच्या अभ्यासात दोन गट होते: एक नैराश्याच्या रुग्णांचा, दुसरा तुलनेसाठी ठणठणीत माणसांचा. पहिला केव्हाच भरला. ठणठणीत माणूस मात्र शोधून सापडेना.

"एक तरी आणा हो कुणी," डॉक्टरीणबाई काकुळतीला आल्या.

"आमचे हे आहेत की," मी म्हटलं. "ना अध्यात ना मध्यात. निवृत्त होऊन वर्ष झालं, कसली तक्रार नाही. दिवसभर गॅलरीत निवांत बसतात. यांच्याहून निरोगी माणूस दाखवा, बक्षीस देईन."

हे नको-नको म्हणत होते. मी हात धुऊन मागे लागले. शेवटी आले आणि बंद दाराआड दीड तास उत्तरं देऊन बाहेर पडले. "कसं झालं?" विचारलं, तर "ठीक" म्हणाले. यांचं उत्तर नेहमीच एका शब्दाचं, त्यामुळे मला काही खटकलं नाही.

शुक्रवारी पत्रांची यादी आली. यादीत नावं नसतात, नुसते नंबर. निवड झाली त्यांना पहिलं पत्र, नाही झाली त्यांना दुसरं. नावांची वही माझ्या कपाटात असते, म्हणून पाकिटांवर पत्ते मीच घालते आणि तोंडाला कुलूपही मीच घालते. अठ्ठावन्न नंबरसमोर दुसरं पत्र होतं. वही उघडायची गरज नव्हती, तो नंबर यांना मीच दिला होता.

पत्राचा मजकूरही माझाच. 'आपण या गटात बसत नाही. आपल्या उत्तरांवरून वाटतं, की आमच्या डॉक्टरांशी एकदा बोलावं. कृपया खालील नंबरवर फोन करा.' किती सभ्य लिहिलंय, म्हणून मी स्वतःवर खूश असायचे. त्या दिवशी तोच मजकूर दोनदा वाचला. वर्षभर हे गॅलरीत गप्प बसून होते आणि मी त्याला निवांतपणा म्हणत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. पाकिटावर आमच्याच घरचा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं.

सोमवारी पत्र घरी पोचलं असणार. हे काही बोलले नाहीत. मला विचारायची सोय नव्हती. यादीतलं बाहेर काढायचं नाही, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवते. दोन दिवस मुकाट्याने जेवण वाढलं. यांनी फोन केलाच नाही तर? किती जण करत नाहीत, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

गुरुवारी सकाळी टेबलावरचा फोन वाजला.

"पत्र आलं होतं," हे हळू आवाजात म्हणाले. "नंबर अठ्ठावन्न. डॉक्टरांची वेळ हवी होती."

हा फोन कोण उचलतं, हे यांना चांगलं माहीत होतं. घरी ताटावर जे बोलता आलं नाही, ते इथे बोलत होते.

"उद्या अकराची देते," मी म्हटलं.

"बरं." पुढे म्हणाले, "सोबत कुणाला आणलं तर चालतं?"

"चालतं."

"मग तू येशील?"

"हो," मी म्हटलं. मग डायरीत अकराच्या ओळीत अठ्ठावन्न लिहिलं आणि त्याच ओळीत माझी अर्ध्या दिवसाची रजा.